चवीचा अर्धा तास

मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून हौसाबाई शेडच्या दारात उभी राहिली, उजव्या हाताची पाच बोटं एकत्र केली आणि तोंडाकडे नेली. मग मनगटावर बोट आपटून दाखवलं. घड्याळ काही तिच्या मनगटावर नव्हतं.

मी नवा माग बसवत होतो. मागाखाली आडवा, हातात पाना, गालात तंबाखू. शेजारच्या मागावरच्या बजरंगनं मला पायानं ढोसलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "रंगराव, जेवायचं आवतन आलंय बघ."

मी अंग झटकत बाहेर आलो.

"काय झालं?"

"शालननं बोलावलंय. असशील तसा चल."

"का पण?"

"पोरं ताटं घेऊन बसल्यात कवाधरनं. ही वाढू देईना. तू खाल्ल्याबिगर झाकण काढत न्हाई म्हणती."

"अगं मावशी, सही केलीय की मी."

"ते मला काय सांगतोस? तिला सांग जा. अन् ती तंबाखू थुक आधी."

शेडच्या दारात दोघंतिघं कामगार येऊन उभे राहिले होते. बजरंग म्हणाला, "बायकोनं भरवायला बोलावलंय, जा बाबा. आमच्या नशिबी हे न्हाई." सगळे हसले. मी सायकल काढली. बारा वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

शालन माझी बायको. तिला जाऊन आता तीन वर्षं होतील. ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची आहे. तेव्हा आमची धाकटी, सोनल, तिसरीत होती.

आमच्या वाडीची शाळा चौथीपर्यंत. दोन शिक्षक, अठ्ठावन्न पोरं. मुख्याध्यापक वाघमोडे सर आणि दुसऱ्या कोरे बाई. शालन तिथं पोरांचा दुपारचा भात शिजवायची. हौसाबाई तिच्या हाताखाली, मदतनीस. मी विट्याच्या रस्त्यावर एका माग शेडमध्ये जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करायचा, नवा आला की बसवायचा, हे माझं काम.

त्या वर्षी जूनमध्ये शाळेला वरून एक पत्रक आलं. पोरांच्या सुरक्षिततेचे नियम होते त्यात. वाघमोडे सरांनी ते सगळे निळ्या रंगानं भिंतीवर लिहून घेतले. शाळेच्या वेळेत फाटक बंद ठेवावे. बाहेरच्या माणसांनी आवारात येऊ नये. मुलांनी चुलीजवळ जाऊ नये. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. आणि सगळ्यात खाली हा नियम: जेवण वाटण्याआधी अर्धा तास स्वयंपाकी, एक शिक्षक आणि एक पालक यांनी ते खाऊन पाहावे व वहीत सही करावी.

पालक कोण, हे ठरवायला सभा झाली. कुणी हात वर करेना. दुपारी साडेअकराला कामधंदा सोडून कोण येणार? सरांनी हातातल्या कागदाकडे बघितलं आणि माझं नाव वाचलं.

"मी?" मी म्हणालो. "मला कामावरनं कसं सोडतील?"

"शेड जवळ आहे तुमची," सर म्हणाले.

मागून कुणीतरी बोललं, "बरं आहे की. घरात खातो तेच शाळेत खायचं."

"त्याला काय चव कळणार? तंबाखूनं जीभ मेलीय त्याची."

"अन् कळली तरी बायकोसमोर वाईट म्हणायची छाती पाहिजे."

सभा हसत उठली. अशी ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

दोन महिने मी रोज गेलो. साडेअकराला सायकल लावायची, हात धुवायचे, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायचं. शालन पितळीत वाढून द्यायची. घासभर नाही, चांगली पोटभर. मी खायचो. चव बरी की वाईट एवढं कळायचं, त्यापलीकडे नाही. मग अर्धा तास बसून राहायचं. तेच मला जड जायचं. पत्रकात अर्धा तास म्हटलंय म्हणजे शालनचा अर्धा तास व्हायचा. एकोणतीस मिनिटं चालायची नाहीत.

त्या अर्ध्या तासात ती माझ्याकडे बघत राहायची. भांडी घासत बघायची, लसूण सोलत बघायची. मी इकडं वळलो की तिची नजर इकडं. मला वाटायचं, मी मधेच उठून जाईन म्हणून पाळत ठेवतेय.

एकदा मी म्हणालो, "माझ्या तोंडावर काय लिहिलंय का?"

"गप बसा तुम्ही," ती म्हणाली.

घरी ती कधी असं बघायची नाही. घरी तिला वेळही नसायचा.

त्या सोमवारी मी नेहमीसारखा खाऊन बसलो होतो. सर शेजारी खुर्चीवर वही घेऊन. मी म्हणालो, "सर, उद्या नवा माग बसवायचाय. मालक हलू देणार नाही."

सरांनी वही माझ्यापुढं केली आणि ते पटांगणाकडं बघायला लागले. मी सोमवारची सही केली. खालच्या ओळीत मंगळवारची तारीख घातली, वेळ साडेअकरा लिहिली. मंगळवारी वाटाण्याची उसळ आणि भात असतो. म्हणून लिहिलं, 'उसळ भात खाऊन पाहिला. चव चांगली.' सही केली. सरांनी वही मिटून बगलेत मारली.

घरी शालनला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही.

मंगळवारी मी पोचलो तेव्हा पोरं व्हरांड्यात दोन ओळींत बसली होती. समोर रिकामी ताटं. कुणी ताटावर बोटांनी वाजवत होतं. सोनलनं मला बघितलं आणि मान खाली घातली. शालन पातेल्यापुढं पाटावर बसली होती. एक हात झाकणावर. सर तिच्यासमोर उभे.

"आले बघा," सर म्हणाले. "रंगराव, सांगा हिला तुम्हीच. वहीत सही आहे म्हणून."

"आहे सही," मी म्हणालो. "वाढ की गं आता. काय तमाशा लावलाय."

"सही खाती का?" शालन म्हणाली.

"म्हणजे?"

"सहीच्या पोटात दुखलं तर कळंल का आपल्याला?" ती सरांकडं वळली. "वाटाणा संपला. डाळ नवीन पोत्यातली, तेलाचा डबा आज फोडला. मी चाखलंय, पण मी दिवसभर चाखतच असती, माझं काय धरायचं. बाई ट्रेनिंगला गेल्यात. तुमचा मंगळवार. मग खाल्लं कुणी?"

"ताई, उपास आहे माझा. अठरा वर्षांचा मंगळवार आहे."

"मी मोडा म्हणत न्हाई. पण मंगळवारची तुमची पण सही दिसती वहीत."

हौसाबाई तोवर धापा टाकत येऊन पोचली होती. ती फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सर लाल झाले.

मी हात धुतले आणि पायरीवर बसलो. शालननं पितळीत खिचडी वाढली. मुगाची, वर कोथिंबीर. मी रागारागात खाल्ली. पोरं माझ्या प्रत्येक घासाकडं बघत होती.

"झालं? चांगली आहे. वाढ," मी म्हणालो.

शालननं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "बारा पस्तीस," ती म्हणाली. "एक वाजून पाच मिनिटांनी वाढीन."

"शालन, मला माग बसवायचाय!"

"मग तुम्ही सकाळी यायचं होतं."

मी बसून राहिलो. ती माझ्याकडं बघत बसली. नेहमीसारखी. हात झाकणावर.

दहाएक मिनिटं गेली असतील, फाटकाशी मोटारसायकल थांबली. केंद्रप्रमुख साहेब आले होते. आठदहा शाळा त्यांच्याकडं होत्या, कधीही कुठंही उतरायचे. पाऊण वाजला तरी ताटं रिकामी बघून ते आल्या आल्याच थांबले.

"वाघमोडे, हे काय? जेवणाची वेळ किती?"

"बारा, साहेब. जरा आज उशीर..." सर वही आणायला आत गेले. जाता जाता मला म्हणाले, "रंगराव, पाणी घ्या हो इकडं थोडं." मी उठून मागं गेलो. माठाशी उभं राहून ते हळू बोलले.

"मार्चला मी सुटतोय. आठ महिने राहिलेत. आगाऊ सही निघाली तर पहिली नोटीस मला येईल. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की साडेअकराला खाऊन गेलो होतो. तिच्या ध्यानात राहिलं नाही म्हणा. शालनताईला काही होऊ देत नाही मी. शाळेची समिती आपलीच आहे."

मी माठातनं तांब्या भरून घेतला. त्यांनी ते होकारासारखं घेतलं. कदाचित तो होकारच होता.

सरांनी बाहेर येऊन वही दिली आणि साहेब ती चाळत उभे राहिले.

"पालक सदस्य तुम्ही?"

"होय साहेब."

"सही तुमची?"

"माझीच."

"वेळ साडेअकरा. साडेअकराला खाल्लं होतं तुम्ही?"

शालनच्या हाताशी झाकणाखालनं वाफ येत होती. तिनं हात काढला नव्हता. ती बघत होती माझ्याकडं, पण माझ्या उत्तरासाठी बघत होती असं मला वाटलं नाही. तोंडाकडं बघत होती, कपाळाकडं बघत होती.

"खाल्लं होतं," मी म्हणालो.

"मग आता पुन्हा काय चाललंय?"

"तिच्या ध्यानात राहिलं नाही, साहेब. कामाच्या गडबडीत."

"वहीत उसळ भात लिहिलंय. पातेल्यात खिचडी दिसतेय."

"वारानुसार लिहायची सवय लागलीय हाताला. चुकून लिहिलं."

साहेब शालनकडं वळले. "काय हो बाई? तुमचे यजमान म्हणतात ते खरं?"

ती म्हणाली, "वाढायला अजून सतरा मिनिटं हैत साहेब."

"अहो, मी काय विचारतोय?"

तिनं पुन्हा घड्याळाकडं बघितलं. होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

साहेबांचा आवाज चढला. ते "वाढा, वाढा आधी" म्हणत होते, तेवढ्यात पहिलीच्या ओळीतली गौरी एका बाजूला कलंडली. पोपट जाधवाची पोर. सकाळी काही न खाताच आली होती म्हणे. ताट खणकन पडलं. हौसाबाईनं तिला उचललं, तोंडावर पाणी मारलं, साखरपाणी पाजलं. डोळे उघडले पोरीनं. रडायला लागली. तिच्याबरोबर आणखी दोघं रडायला लागली.

तरी शालननं झाकण काढलं नाही. पाटावरून उठली नाही. तिचे ओठ तेवढे पांढरे झाले होते. एक वाजून पाच मिनिटांनी ती उठली, झाकण बाजूला ठेवलं आणि पहिलं ताट गौरीला वाढलं.

पोरं तीनतीनदा मागून जेवली. कुणाला काही झालं नाही. डाळ चांगली होती, तेल चांगलं होतं.

साहेबांनी वहीत शेरा मारला. स्वयंपाकीच्या हलगर्जीपणामुळे मुले एक तास उपाशी राहिली, एक मुलगी चक्कर येऊन पडली, समितीने शनिवारपर्यंत निर्णय घेऊन कळवावे.

संध्याकाळी घरी शालन भाकरी थापत होती. मी ताटावर बसलो. सोनल माझ्याजवळ बसून जेवत होती. ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही सकाळी आलाच नव्हता की. मी बघत होते फाटकाकडं."

"जेव गप," शालन म्हणाली.

"शालन," मी म्हणालो, "सर म्हणालेत, तुला काही होऊ देणार नाहीत."

"भाकरी घ्या अजून."

"सरांचे आठ महिने राहिलेत गं."

"मी काय विचारलंय का तुम्हाला?"

तिनं भाकरी टाकली ताटात. बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती शाळेत गेली. मीही साडेअकराला जात होतो, खात होतो, बसत होतो. ती बघत होती. फरक काहीच पडला नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. तिनं भांडण काढलं असतं तर मी दोन शब्द बोललो तरी असतो.

शुक्रवारी रात्रीपासून माझं ठरलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समिती बसली. अध्यक्ष जालिंदरआबा, सर, मी, आणखी चौघं. गौरीचा बाप पोपट सदस्य नव्हता, पण दारात येऊन उभा होता. शालन आणि हौसाबाई स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या.

आबांनी शेरा वाचला. मग कुणी बोलायच्या आत मीच म्हणालो, "आबा, शालननं चूक केली नाही. मी मंगळवारी साडेअकराला आलोच नव्हतो. सोमवारीच सही करून ठेवली होती. साहेबांपुढं मी खोटं बोललो."

सर टेबलाकडं बघत होते. मग आबा हसले, वाईट नाही, समजुतीनं हसले.

"रंगराव, बस."

"खरं सांगतोय आबा. शेडमधल्या कुणालाही विचारा."

"अरे बाबा, मला कळतंय. बायकोचं काम जायला लागलंय, माणूस काहीही बोलणार. मी असतो तर मी पण बोललो असतो."

"मग त्या दिवशी मी बोललो ते का खरं वाटलं?"

"आता काय सांगू तुला," आबा म्हणाले. "बायकोच्या विरुद्ध कोण खोटं बोलतंय का? म्हणून खरं वाटलं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी सरांकडं बघितलं. "सर, तुमच्यासमोर केली मी सही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वहीत जे आहे ते आहे," ते म्हणाले. "साहेबांपुढं तुम्हीच सांगितलंत, रंगराव. आता मी वर काय कळवू?"

दारातून पोपट म्हणाला, "ते कुणी कवा खाल्लं ते मला नका सांगू. माझी पोर पडली का न्हाई? समोर अन्न शिजलेलं अन् पोर पडती. असल्या बाईच्या हातात पातेलं ठिवायचं का?"

त्याचं चुकत नव्हतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

पाच मिनिटांत ठरलं. सोमवारपासून हौसाबाईनं शिजवायचं, मदतीला दुसरी कुणी बघायची. शालनला थांबवायचं. आबा म्हणाले, "रंगराव, तू मात्र राहा. तुझं काही नाव खराब झालेलं नाही."

"मला नको."

सर तेव्हा उठता उठता बोलून गेले, "ते शालनताईंनाच विचारा एकदा. तुमचं नाव त्यांनीच दिलं होतं की मला. कागदावर लिहून दिलं होतं, सभेच्या आधी."

मी तसाच स्वयंपाकघराच्या दारात गेलो. शालननं उलथनं, डाव, चमचे धुऊन ओळीनं मांडून ठेवले होते. तिला आतापर्यंत सगळं ऐकू आलं असणार. पातळ पत्र्याची भिंत होती मधे. हौसाबाई डोळे पुसत होती आणि सर, आबा, पोपट, सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत होती.

घरी येताना सायकल हातात धरून मी चालत होतो, ती दोन पावलं मागं. घरात आल्यावर मी विचारलं.

"माझं नाव तू दिलं होतंस?"

"व्हय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून आला असता का?"

"सभेत सगळे हसले मला. शेडमध्ये हसतात. आणि ते अन्न वाईट निघालं असतं तर? उंदरावर औषध बघतात तसं तू मला..."

शालन परातीत तांदूळ घेऊन निवडायला बसली. सोमवारसाठी नाही, घरचेच. म्हणाली, "मग कुणाला घालायचं होतं?"

"कुणीही."

"कुणीही म्हणजे कोण? सरांनी मला विचारलं, कुणाचं नाव घालू. पोपट घालू का, तो शेतातनं येईल म्हणाले. मी म्हटलं, पोपटाला दोन लहान पोरी हैत. मग म्हणाले, तानाजीची विधवा आई घालू, ती घरातच असती. मी म्हटलं, तिचं वय झालंय." तिनं एक खडा बाजूला टाकला. "दुसऱ्याच्या घरातल्या माणसाला पुढं बसवून खा म्हणायला माझी जीभ रेटंना. माझ्या हातनं काय झालं तर ते माझ्या घरात होऊ दे म्हटलं. पोरांना वाढायच्या आधी."

मी खाली बसलो.

"ती वही चवीची म्हणतात," ती म्हणाली. "चव कशाला पाहिजे? मीठ कमी पडलं तर पोरं सांगतातच. तुम्हाला काय होतंय का, ते बघायचं असतं. मी अर्धा तास तेच बघायची. तुम्ही जांभई दिली तरी माझा हात झाकणावर जायचा. अर्धा तास झाला, तुम्ही उठलात, सायकलीवर टांग टाकलीत, की मग मला पोरांना वाढायला धीर व्हायचा."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी तुम्ही साहेबांशी बोलत होतात तवा तुमच्या कपाळाला घाम आला होता. मला वाटलं, तेल वाईट निघालं. साहेब काय विचारतात, तुम्ही काय सांगताय, मला निम्मं ऐकू पण आलं न्हाई. घाम कशानं आलाय ते मला कळंना." ती तांदूळ निवडत राहिली. "मग वाऱ्यानं घाम वाळला. तेव्हा बरं वाटलं."

घाम कशानं आला होता ते मला माहीत होतं. तिलाही तोवर कळलं असणार. त्यावर ती आयुष्यात पुन्हा कधी बोलली नाही.

मी म्हणालो, "मी सोमवारी पंचायत समितीत जातो. साहेबांना भेटून सांगतो."

"नका जाऊ. सरांचे आठ महिने हैत. अन् तिथं पण तुम्हाला हसतील." परात तिनं बाजूला ठेवली. "सोमवारी साडेअकराला शाळेत जा. हौसाबाई हाताला चांगली हाय, पण तिला वास येत न्हाई, सर्दीचं डोकं हाय तिचं. अन् ती घड्याळ बघत न्हाई. तुम्ही बघा."

"शालन, तिथं मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"खायला लागतं तेवढ्या तोंडानं जा," ती म्हणाली.

सोमवारी मी गेलो. हौसाबाईनं पितळीत वाढलं आणि ती मागच्या बाजूला लाकडं आणायला गेली. मी खाल्लं. मीठ जास्त होतं, एवढं मलाही कळलं. पायरीवर बसलो. कुणी बघत नव्हतं. कोरे बाईंचा वर्ग चालला होता, पाढे म्हणत होती पोरं. इतके दिवस ज्याचा कंटाळा यायचा तो अर्धा तास, समोर कुणी नाही म्हटल्यावर सरता सरेना.

दहाएक मिनिटांनी माझं फाटकाकडं लक्ष गेलं. फाटक बंद होतं. बाहेरच्या माणसांनी आवारात येऊ नये, असं शेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं. फाटकाच्या गजांपलीकडं शालन उभी होती. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. बाजाराला निघाल्यासारखी. बाजार गुरुवारी असतो.

मी उठलो आणि पटांगण ओलांडून फाटकापाशी गेलो.

"इथं उन्हात काय करतेस?" मी म्हणालो. "घरी जा. मी ठीक आहे."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. कपाळाकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागं, व्हरांड्यातल्या घड्याळाकडं.

"जाऊन बसा तिथं," ती म्हणाली. "अजून अठरा मिनिटं हैत."